बिडी वळणाऱ्या बायका आहाराच्या अभ्यासाला येत नाहीत. माझं काय चुकतंय?

आहार_सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरातच आहारशास्त्रात एम.एस्सी. करतेय, दुसरं वर्ष. प्रबंधासाठी घरी बिडी वळणाऱ्या, ३० ते ५० वयाच्या बायकांचा रोजचा आहार आणि हिमोग्लोबिन बघायचं आहे. १२० जणी हव्यात. दीड महिना झाला, १४ आल्या, त्यातल्या तिघी अर्ध्यावरून उठून गेल्या.

काय काय केलं ते सांगते. शहराच्या पूर्व भागात, म्हणजे अशोक चौक, कुचन नगर, दत्त नगर इकडं, मराठीतली पत्रकं वाटली. कॉलेजमध्ये रविवारी १० ते १ शिबिर ठेवलं, उपाशीपोटी यायला सांगितलं, कारण रक्त घ्यायचं होतं. संमतीपत्र चार पानांचं आहे. त्यानंतर २४ तासांच्या आहाराची मुलाखत. सगळं मिळून दीड तास जातो. शिबिराला आलेल्या बायका चांगल्या बोलल्या, पण उठून गेलेल्या तिघींपैकी एक म्हणाली, "ताई, तुमच्याजवळ बसायला बरं वाटतंय, पण माझी पानं वाळतील." मला तेव्हा ते कळलंच नाही.

गाईड म्हणतात वेळ कमी आहे, ओळखीच्या महिला मंडळातल्या बायका घेऊन आकडा पूर्ण कर आणि शीर्षक बदल. मला ते करायचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. पण त्या आकड्यातून पूर्व भागातल्या एका बिडीवालीच्या ताटात काल काय होतं ते कळत नाही, आणि माझा अभ्यास तेवढ्यासाठीच आहे. मी सात रस्त्याला वाढले. खरं सांगायचं तर पूर्व भागात माझं जाणं फक्त चादरी घ्यायला. तिकडच्या कुणी मला सांगेल का?

---

कुंभारी_घरकुल

ताई, आमच्या आईनं तुमचं पत्रक घरी आणलं होतं. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "रविवारी पाणी आलं तर?" तुमच्याकडं कसं आहे माहीत नाही, शहरात बऱ्याच भागात तीन-चार दिवसांआड पाणी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली बाई उंबऱ्याबाहेर पडत नाही. गल्लीगल्लीचा वार वेगळा. आधी तो विचारून घ्या, मग तारीख ठरवा.

आणि फक्त अशोक चौक धरू नका. इकडं कुंभारीत २००६ साली बिडी कामगार बायकांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार घरं झाली, २०२४ च्या जानेवारीत रे नगरमधली १५ हजार घरं दिली. कामगार नेते आडम मास्तरांनी त्यासाठी किती वर्षं मोर्चे काढले ते आमच्या घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. बिडीवाल्या बायका आता मोठ्या संख्येनं इकडं कुंभारीला राहतात. इथून तुमच्या कॉलेजला उपाशीपोटी यायचं म्हणजे दोन रिक्षा बदलायच्या. भाडं कोण देणार ते पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

अजून एक. तुम्ही पत्रकावर फोन नंबर दिलात. घरात फोन एकच, तो भावाकडं असतो. आईनं फोन कसा करायचा?

---

निवृत्त_सेविका

बाळ, तुझं लिहिलेलं काल रात्री दोनदा वाचलं. माझी आई बिडीवाली. अशोक चौकाच्या मागं दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा भावंडं तिच्या सुपाभोवती वाढलो. पुढं मी २९ वर्षं त्याच भागात अंगणवाडी चालवली. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

ती बाई "पानं वाळतील" म्हणाली ना, ते पळून जायचं कारण नव्हतं. तेंदूचं पान रात्री भिजवायचं, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचं, पहाटे पत्रा ठेवून कात्रीनं कापायचं आणि ओल आहे तोवर वळायचं. वाळलं की वळताना फाटतं. पान कारखान्यातून वजनावर मिळतं आणि त्यात अमुक इतक्या बिड्या निघाल्याच पाहिजेत असा हिशोब असतो. तूट आली तर बाई पदरच्या पैशानं पान विकत घेते. वर छाट निघते ती वेगळीच, म्हणजे कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या. माझी आई सकाळी बिड्या देऊन आली की तिच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळायचं आज किती छाट काढली.

हजार बिड्यांना सगळा दिवस जातो. हात बसलेल्या बाईच्या तासाला शंभर धर. म्हणजे तू तिच्याकडं दीड तास मागतेयस असं तुला वाटतं, तिच्या हिशोबात तू दीडशे बिड्या मागतेयस. वर रिक्षाचं भाडं. रविवारी कारखाना बंद, म्हणून तू रविवार धरलास, चुकीचं नाही ते. पण रविवारी तिचं आठवड्याचं धुणं असतं, दळण असतं, आणि सोमवारी द्यायच्या बिड्याही रविवारीच वळायच्या असतात.

तेव्हा तिला बोलावू नकोस, तू जा. ती वळत असताना समोर बस. तिचे हात मोकळे नसतात, तोंड मोकळं असतं. दुपारी दोन ते चार या वेळेत गल्लीतल्या चार-पाच जणी एका ओट्यावर सूप घेऊन बसतात. माझ्या आयुष्यात बायकांच्या मनातलं जे काही ऐकलं ते त्या दोन तासांत. पण खासगी काही विचारायचं असलं, पाळी, पोटात वाढणारं लेकरू, नवऱ्याचं पिणं, तर ते ओट्यावर नको. त्यासाठी संध्याकाळी एकटीला गाठ.

आता भीतीचं बोलते. मोठं कारण ते आहे आणि ते तुला कुणी तोंडावर सांगणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका संस्थेची माणसं येऊन रक्त घेऊन गेली. फोटो काढले, केळी वाटली. रिपोर्ट आठवड्यात देतो म्हणाली. पुन्हा त्यांचं तोंड दिसलं नाही. बायका मला विचारायच्या, कारण मीच त्यांना गोळा करून दिलं होतं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. दीड-दोन वर्षं मी त्या गल्लीत खाली मान घालून चालले. तू त्यांची कुणी लागत नाहीस, पण रक्ताची बाटली आणि वही घेऊन आलेली प्रत्येक बाई त्यांच्यासाठी "ते रक्तवाले" आहे. म्हणून पहिल्या दिवशी रिपोर्टचा वार सांग आणि त्या वारी, पाऊस असू दे नाहीतर परीक्षा असू दे, हातात कागद घेऊन दारात उभी राहा. पहिल्या दहा जणींना रिपोर्ट मिळाला की पुढच्या तीस तुला बोलवायला येतील.

उपाशीपोटी कशाला हवं तेही गाईडना विचार. नुसतं हिमोग्लोबिन बघायला उपाशी राहावं लागत नाही, एवढं मला आमच्या शिबिरांवरून पक्कं माहीत आहे. बोटातल्या थेंबावर होतं. साखर बघायची नसेल तर त्या बायकांना उपाशी ठेवू नकोस. त्यांचं उपाशी राहणं तसंही पुष्कळ होतं.

दुसरी भीती सहीची. घरोघरी फायनान्सवाले येतात, पाच-दहा बायकांचा गट करतात, सह्या घेतात, मग दर आठवड्याला हप्त्याला दारात. एकीनं चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा. चार पानांच्या कागदावर अंगठा म्हटलं की बाईच्या डोळ्यांसमोर हप्ता येतो. तिसरी भीती धंद्याची. २०१६ ला पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्राचा इशारा आला तेव्हा "आता बिडी बंद होणार" म्हणून आमच्याकडं घराघरात रडारड होती. तंबाखूचा त्रास होतो हे बायकांना चांगलं कळतं, खोकतात त्याच. पण तू लिहून नेलेलं वाचून उद्या कुणी काम बंद केलं तर खायचं काय? तुझा अभ्यास ताटाबद्दल आहे, कारखान्याबद्दल नाही, हे पहिल्या दोन वाक्यांत सांग. आणि तंबाखूचेही प्रश्न असतील तर तेही आधीच सांग, लपवू नकोस.

आता खाण्याचं. तुझ्या १४ मुलाखतींतल्या उत्तरांवर मी विश्वास ठेवणार नाही, रागावू नकोस.

आमची घरची भाषा तेलुगू. "अन्नम तिन्नावा?" म्हणजे जेवलीस का. पण अन्नम म्हणजे भातसुद्धा. घरात तांदूळ नव्हता म्हणून बाईनं रोट्टे खाल्ली, म्हणजे ज्वारीची भाकरी, तर ती कधी "तिन्नानु", म्हणजे खाल्लं म्हणते, कधी "लेदु", म्हणजे नाही म्हणते. मराठीतही तेच. "काल काय जेवलात?" विचारलंस की ती फक्त जेवणच सांगणार. सकाळी पाचला चहात बुडवून खाल्लेलं बेकरीतलं बटर हे तिच्या लेखी जेवण नाही, ते खाणंही नाही, तो चहाच. नातवाच्या ताटात उरलेला घास तर कुणीच मोजत नाही.

एकदा मीच एका अक्काला विचारलं होतं, आमच्या नोंदवहीसाठी. तिनं सांगितलं, "पप्पू, अन्नम, कूरा, भाकरी, सगळं." पप्पू म्हणजे डाळ, कूरा म्हणजे भाजी. मी लिहून घेतलं. उठताना पाणी मागितलं म्हणून आत गेले तर चुलीवरची डाळीची पातेली कोरडी, घासून पालथी घातलेली, काल वापरल्याची खूण नाही. मी काही बोलले नाही. परत येऊन बसले आणि दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. "अक्का, काल उठल्यावर आधी काय केलं?" पानं कापली. "तेव्हा तोंडात काय घातलं?" चहा. मिस्री लावली. "बिड्या द्यायला कितीला गेलात? येताना काही घेतलं?" नातवाला पाच रुपयांचा पुडा. "आल्यावर?" मग हळूच म्हणाली, भाकरी होती कालची, कडक. शेंगाचटणी घेऊन अर्धी खाल्ली, अर्धी नातवानं. "मग थेट रात्री?" मधे दोनदा चहा. रात्री सगळ्यांचं झाल्यावर भात आणि चारू, चिंचेचं पाणीच म्हण ना. दिवसभरात एवढंच. पहिल्यांदा ती खोटं बोलली नव्हती. पाहुणीपुढं घराची अब्रू राखत होती.

म्हणून कामाचा धागा धर आणि त्याच्यावरून खाण्याकडं जा. बिडीवालीला कुठल्या वेळी काय केलं ते मिनिटावर आठवतं. आणि मापाच्या वाट्या घरून नेऊ नकोस. तिचीच वाटी, तिचीच पळी घे, त्यात पाणी भरून तुझ्या मापात ओत. भाकरीसाठी छोटा वजनकाटा ने. एका घरची भाकरी दुसऱ्या घरच्या दीडपट असते.

वारही बघ. श्रावणी सोमवार, चतुर्थी, नवरात्र, मुस्लिम मोहल्ल्यात रमजान, यांचं ताट रोजचं नसतं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, त्या आठवड्यात पद्मशाली घरांत तुला कुणी भेटणार नाही, आणि भेटलंच तर पुरणाचंच सांगेल.

---

नमुना_निवड

मी संख्याशास्त्र शिकवतो. सेविकाताईंचं लिखाण विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे. फक्त एका गोष्टीत सावध करतो. एखाद्या अक्कांच्या ओळखीनं गेलात तर त्यांच्या नात्यातल्या, त्यांच्याच जातीतल्या, त्यांच्याच भाषेच्या बायका मिळतात. गल्लीच्या टोकाला राहणारी, कुणाशी पटत नसलेली, नवऱ्यानं सोडलेली बाई राहून जाते, आणि बहुधा तिचंच ताट सगळ्यांत रिकामं असतं. कॉलेजच्या शिबिराचं तेच झालं. ज्यांना दीड तास काढता आला त्याच १४ जणी आल्या. त्यांचं हिमोग्लोबिन बरं निघालं म्हणून पूर्व भागाचं बरं आहे असं लिहिता येणार नाही.

गल्ल्यांची यादी करा, चिठ्ठ्या टाकून काही गल्ल्या निवडा, तिथं ओळीनं घरं मोजत दर तिसऱ्या बिडीवाल्या घरात जा. कोण नाही म्हणालं आणि का, त्याचीही नोंद ठेवा.

दुसरं, तुम्ही जागा, वेळ, रक्ताची पद्धत, पैसे यातलं काही बदललंत तर ते नीतिमत्ता समितीकडून आधी मंजूर करून घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च भरून द्यायला मुभा आहे. रक्कम मात्र समिती बघते, कारण पैशाच्या ओढीनं कुणी मनाविरुद्ध हो म्हणू नये. वाचता न येणाऱ्या बाईसाठी तटस्थ साक्षीदार लागतो, त्याच्यासमोर वाचून दाखवायचं, मग अंगठा. संमतीपत्राची एक प्रत तिच्याकडं राहते. ही प्रत द्यायला बरेच विद्यार्थी विसरतात.

---

निवृत्त_सेविका

सरांचं दर तिसऱ्या घराचं मला पटलं. पण बाळ, अक्काशिवाय तिसऱ्या घराचं दार उघडणार नाही. अक्काला सोबत घे, दार कुठलं वाजवायचं ते तू ठरव. साक्षीदार म्हणून मात्र तिला धरू नकोस. तिच्यासमोर नाही म्हणायची बायकांना भीड वाटेल. गल्लीतली दहावी-बारावी झालेली पोरगी बघ, तेलुगू नाहीतर कानडी येणारी.

आणि कागद एकपानी कर. वरच मोठ्या अक्षरात: हे कर्ज नाही, कुठली योजना नाही, रेशनकार्डाशी संबंध नाही, कारखान्याला नाव कळणार नाही, कधीही नाही म्हणता येतं. हे तेलुगूत, कानडीत, उर्दूत वाचून दाखवता आलं पाहिजे.

---

आहार_सोलापूर

दोन महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. समितीची मंजुरी यायला वेळ लागला. शिबिर बंद केलं. उपाशीपोटीची अट काढली, बोटातल्या थेंबावर तपासणी करतेय. मुलाखतीचे दोन तुकडे केले, अर्धा-अर्धा तास, वेगवेगळ्या दिवशी. समितीनं तासाला शंभर बिड्यांच्या मजुरीइतकी भरपाई मान्य केली. मी अर्जात "दीडशे बिड्या" असंच लिहिलं होतं, एका सदस्यांनी त्याचा अर्थ विचारला, मी सेविकाताईंनी सांगितलं तसं सांगितलं.

चिठ्ठीत आलेल्या गल्ल्यांपैकी तीन पूर्ण झाल्या. ४७ जणी. नऊ जणी नाही म्हणाल्या, त्यातल्या पाच जणींचं कारण सही. एकीच्या घरी चार वेळा गेले, चौथ्यांदा तिनं स्वतःच बोलावून बसवलं. रिपोर्ट दर शुक्रवारी देते. मागच्या शुक्रवारी भिजत गेले तर एका ओट्यावर सहा जणी थांबल्या होत्या.

एक अडचण आहे. एकीचं हिमोग्लोबिन ७.६ आलं. ८ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, म्हणून त्याच दिवशी तिला नागरी आरोग्य केंद्रात घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासून पुढच्या तपासण्या लिहून दिल्या आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. चहाच्या आगेमागे तासभर गोळी घ्यायची नाही असं सांगितलं. पण ती पहाटे पाचपासून संध्याकाळपर्यंत पाच-सहा वेळा चहा पिते, आणि मधे जेवणाची ठरावीक वेळ नाही. पहिल्या आठवड्यात दोनच गोळ्या घेतल्या. मी रोज जाऊ शकत नाही. तिला नेमकं कधी घ्यायला सांगू?

---

निवृत्त_सेविका

डॉक्टरांना एकदा विचार रात्री चालेल का. चालत असेल तर रात्री भात-चारू झाल्यावर तासाभरानं ती पानं भिजवायला बसते, तेव्हा. गोळ्यांची पट्टी त्या बादलीजवळच्या कोनाड्यात ठेव. दुसरं काही विसरेल, पानं भिजवायची विसरणार नाही.